ताणावरची बाग

आक्कांच्या वस्तीवर ‘ताण’ हा शब्द आवाज उतरवून उच्चारला जायचा. घरात कुणी तापानं फणफणत पडलेलं असावं आणि दारात आलेल्या पाहुण्याला ते हळूच सांगावं, तसा. ‘बाग ताणावर हाय,’ असं म्हटलं की येणारा माणूस चपला न वाजवता ओट्यावर बसायचा. मी तिथं राहायला गेले त्या पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, या घरात काहीतरी वाईट घडलेलं आहे आणि मी परकी म्हणून ते मला कुणी सांगत नाही.

मी सोलापूर शहरात वाढलेली. मंगळवेढ्याच्या पुढं, जिथं एसटी दिवसातून मोजक्या वेळा थांबते अशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नेमणूक झाली, आणि शाळा जवळ पडते म्हणून मी आक्कांच्या घराची बाहेरची खोली भाड्यानं घेतली. खाली गावाभोवती काळी जमीन, ज्वारीची. आक्कांची वस्ती वर माळावर, मुरमात. त्या मुरमात त्यांनी डाळिंबाची बाग उभी केली होती. नवरा लवकर गेला तेव्हा मुलगा दत्ता पाळण्यात होता, आणि दीर-जावा म्हणत होत्या की या माळावर कुसळाशिवाय काही यायचं नाही. आक्कांनी पहार घेऊन खड्डे स्वतः खणले. हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. गावानं सांगितलं, आणि सांगताना गावही जरा इकडंतिकडं बघूनच सांगायचं.

ताण म्हणजे काय ते मला दत्तानं समजावलं. डाळिंबाचं झाड मोकळं सोडलं तर ते वर्षभर मनाला येईल तसं फुलत राहतं, आज चार कळ्या, महिन्यानं चार कळ्या. सगळ्या झाडांनी एकदम फुलावं म्हणून बागेचं पाणी ठरवून तोडायचं. त्याला ताण देणं म्हणतात. दिवाळी झाली की आक्का पाणी तोडायच्या. झाड कासावीस होतं, पानं पिवळी पडतात, गळायला लागतात, आणि झाड आपला सगळा जीव आत गोळा करून बसतं. मग नेमक्या वेळी पाणी द्यायचं. तो ताण तोडणं. मग शेंड्याशेंड्याला लाल कळी फुटते आणि बहार धरला जातो. पाणी घाईनं दिलं तर नुसता पाला येतो. उशिरा दिलं तर काडी वाळते, आणि वाळलेल्या काडीला नंतर नदी आणून घातली तरी उपयोग नसतो. या दोन्हींच्या मधे थोडेच दिवस असतात, आणि ते दिवस ओळखावेत आक्कांनीच.

आक्का उंच, काटक, आवाजानं पुरुषी. हनुवटीवर गोंदण, पायात कुणाच्यातरी जुन्या बुटांचे कापून केलेले सँडल, आणि हातात वडिलांची काठी. वडील मेंढरं राखायचे. ‘मी धनगराची लेक हाय,’ असं त्या अशा सुरात सांगायच्या की ऐकणाऱ्याला आपण कुणाची लेक आहोत याची जरा लाजच वाटावी. मेंढरांत वाढल्यामुळं त्या झाडांकडंही तसंच बघायच्या. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी बागेतून एक फेरी, आणि ती होईपर्यंत कुणाशी शब्द नाही.

‘बाई, मेंढरू तानलं म्हनून वराडत न्हाय,’ एकदा त्या मला म्हणाल्या. ‘भुकेलं की वराडतं. तानलं की गप हुतं. कळप गप झाला की माझा बा उटून बसायचा.’

ताण सुरू करायच्या दिवशी आक्का बागेच्या पाइपावर पाणी सोडायचा-तोडायचा जो वॉल असतो त्याची लाल दांडी नट सोडवून काढायच्या आणि लुगड्याच्या ओच्यात खोचायच्या. ती दांडी ताण तुटेपर्यंत त्यांच्या अंगावर असायची. निजतानाही. रस्त्याकडेच्या झाडाला फाटकं फडकं बांधलं जायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं. त्या दिवसांत बागेच्या आसपास कुणी हात धुवायचे नाहीत, भांडं विसळायचं नाही, प्यायल्यावर तांब्यातलं उरलेलं पाणी खाली टाकायचं नाही. एकदा दत्ताचे सासरे जेवायला आले होते. जेवण झाल्यावर भल्या माणसानं ओट्यावरून उतरून जवळच्या झाडाखाली खळखळून चूळ भरली. आक्का काही बोलल्या नाहीत, व्याही पडले ना. पण त्या झाडाला बाकीच्यांच्या आधीच कळ्या आल्या, असं निदान आक्कांचं म्हणणं. तेव्हापासून ते ‘इवायाचं झाड’ झालं. आणि सून संगीता पाण्याच्या बाबतीत कायमची बाद. ‘बापानं चूळ भरली, लेक घागर वतंल,’ असा निकाल. नावडतीचं मीठ अळणी. बिचारी संगीता मला म्हणायची, ‘बाई, मी बागेच्या अंगानं रडले तरी आत्या म्हनतील झाडाला पानी घातलं.’

आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक आक्कांकडं पान दाखवायला यायचे. नाडी दाखवायला यावं तसे. आक्का पान घ्यायच्या, उजेडाला धरून रंग बघायच्या, मग दाताखाली धरून त्याचा तुरटपणा बघायच्या आणि सांगायच्या, ‘ऱ्हाऊ दे अजून,’ किंवा ‘जा, चालू कर.’ यापेक्षा जास्त नाही. दुसऱ्या कुणी ताण हा शब्द चुकीचा वापरला तर मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. मोहोळकडचा एक बागायतदार एकदा आला. पांढरीशुभ्र गाडी, हातात कडं. म्हणाला, ‘आक्का, औंदा मी लई कडक ताण दिलाय.’

‘का दिला?’

‘हिरीवरची मोटार जळाली हुती की. म्हटलं बरं झालं, ताण तरी बसंल.’

आक्कांनी त्याचं पान हातातसुद्धा घेतलं नाही.

‘त्याला ताण म्हनत न्हाईत. तुजं पानी गेलं, झाड तानलं, एवडंच झालं. हिरीत पानी हाय, मोटार चालू हाय, वॉल हाताखाली हाय, आन तरी द्यायचं न्हाय, त्याला ताण म्हनायचं. आन रोज जाऊन झाडाच्या तोंडाकडं बगायचं. बगितलं न्हाय तर त्यो बी ताण न्हवं. त्यो खून.’

तो माणूस हसला, पण आक्का हसत नव्हत्या. मी खोलीच्या दारात ज्वारी निवडत बसले होते. ‘खून’ हा शब्द त्यांनी इतक्या साधेपणानं उच्चारला की माझा हात सुपात थांबला.

आता सदाशिवचं सांगायला हवं. सदाशिवची बाग आक्कांच्या पश्चिमेला, मधे फक्त बांध. मी यायच्या कितीतरी आधी, नवं लग्न झालेलं असताना तो पान घेऊन आला होता. आक्कांना सवय होती, आपण सांगायच्या आधी समोरच्याची परीक्षा घ्यायची. ‘रंग सांग बरं, कुटला?’ सदाशिव म्हणाला, ‘पिवळा.’ ओट्यावर पाचसहा माणसं बसलेली. आक्का त्याला हाताला धरून उन्हात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, ‘ह्याला पिवळं म्हनतोस तर हळदीला काय म्हनशील रं?’

झालं. त्या दिवसापासून सदाशिव संपला आणि पिवळ्या उरला. त्याची बायको पिवळ्याची मालन, त्याचं रान पिवळ्याचं रान. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. मी हजेरी घेताना तिचं पूर्ण नाव वाचलं की मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसायचं. सदाशिवही हसण्यावारी न्यायचा. पण त्यानंतर आक्कांनी रंग विचारला की सगळी वस्ती एकाच सुरात सांगायला शिकली, ‘हिरवं हाय की, आक्का.’ आक्का मान हलवायच्या आणि मग स्वतः बघून खरं काय ते ठरवायच्या. उत्तराला तेव्हा काही किंमतच नव्हती, म्हणून ते चालून गेलं.

मग आक्कांचे दात गेले. सगळे, वरचे-खालचे. दत्तानं पंढरपुरात कवळी करून आणली. आक्कांनी ती घालून पहिल्याच दिवशी डाळिंबाचं पान चावलं आणि थुंकून दिलं. ‘हिला चव न्हाय,’ म्हणाल्या. कवळी फडताळात गेली ती गेलीच. म्हणजे तुरटपणा बघायचं साधन संपलं आणि रंग तेवढा राहिला.

पुढच्या वर्षीची दिवाळी झाली, दांडी ओच्यात गेली, फडकं बांधलं गेलं. त्या हिवाळ्यात मला एकेक गोष्ट खटकायला लागली. दारात कुणी न बोलता उभं राहिलं तर आक्का विचारायच्या, ‘कोन हाय त्ये?’ मी समोरून येताना त्या माझ्या चपलांचा आवाज ओळखून ‘बाई का?’ म्हणायच्या. एका सकाळी मी त्यांना चहासाठी दूध दिलं, तर भांड्यात डोकावून म्हणाल्या, ‘दुदात हळद घातलीसा का वो?’ मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

त्याच दिवशी शाळेतून आल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि डोळ्यांचं विचारलं. त्यांनी काठीनं माती उकरली.

‘आताशा समदंच पिवळं दिसतंय,’ त्या म्हणाल्या. ‘भिताड पिवळं, दूद पिवळं, तुमचं लुगडं पिवळं. बागंत गेलं की बाग बी पिवळी. मग खरं पिवळं कुटलं आन माज्या डोळ्याचं कुटलं? म्हनून इचारती की मानसांस्नी.’

‘आणि माणसं काय सांगतात?’

‘हिरवं म्हनत्यात. चारचौगं म्हनत्यात त्ये खोटं कसं असंल? माजं डोळं गेल्यात, त्यांचं तर न्हाय की.’

परीक्षेचा प्रश्न खरा झाला होता आणि हे फक्त विचारणारीला माहीत होतं. उत्तर देणारे अजून परीक्षाच देत होते.

मी दत्ताला गाठलं. दत्ता वाईट माणूस नाही. मऊ आहे, आणि मऊ माणसांचा मला जितका राग येतो तितका दुष्टांचा येत नाही. मी त्याला म्हटलं, ‘आक्का खरंच विचारतात. त्यांना रंग दिसत नाही.’

‘आयेला समदं दिसतं वो, बाई. ती बगतीया कोन खरं बोलतंय.’

‘नाही दिसत, दत्ता. दूध पिवळं दिसतं त्यांना. मोतीबिंदू असेल. सोलापूरला घेऊन जा.’

‘नेतो की. ताण तुटला की लगीच नेतो. आता नेली तर बागेला कोन बगनार?’ तो माझ्याकडं न बघता बोलत होता. ‘आन समजा न्हाय दिसत. मी चार लोकांत सांगू? जिच्या डोळ्यावर समदी वस्ती बाग धरती, ती आंदळी हाय म्हनून?’

मी बागेत जाऊन बघायची. पण मला काय कळणार? ताणात पानं पिवळी पडावीत, गळावीत, हेच तर हवं असतं. किती गळली म्हणजे पुरे, हे ज्यांना कळत होतं त्यांच्यापैकी एकीला दिसत नव्हतं आणि बाकीचे बोलत नव्हते. सकाळी वारा सुटला की माळभर पानांचा सळसळाट व्हायचा, आणि दर दिवशी तो जरा कमी होत गेला. एक दिवस वारा आला आणि बागेतून आवाजच आला नाही. मला मेंढरांची गोष्ट आठवली.

त्या संध्याकाळी मी संगीताला वॉलपाशी बघितलं. हातात पकड होती. दांडी नसली तरी पकडीनं वॉल फिरवता येतो, हे तिलाही कळत होतं. ती बराच वेळ तशीच उकिडवी बसली होती. मला बघून उठली आणि पकड पदराखाली घेतली.

‘काड्या शेंड्याकडनं वाळाय लागल्यात, बाई,’ ती म्हणाली. ‘मी नख लावून बगितलं.’

‘मग सोड की पाणी.’

‘सोडलं आन बाग जगली तर आत्यांच्या ताणानं जगली म्हनतील. मेली तर संगीनं पानी सोडलं म्हनून मेली. मला ह्याच घरात ऱ्हायचंय.’

तिनं पकड नेऊन खुंटीला अडकवली. पण ती अगदीच गप्प राहणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ओट्यावर पान दाखवायला आलेली माणसं बसली होती, त्यांत सदाशिवही. चहा चालला होता. संगीता बागेतून आली ती हातात बोटभर जाडीची फांदी घेऊन, आणि सगळ्यांदेखत ती आक्कांच्या हातात दिली.

‘आत्या, नखानं खरडून बगा.’

जित्या फांदीची साल खरडली की आत हिरवं असतं, मेलेलीत तपकिरी. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण इथं लागत होता. आक्कांनी खरडलं. फांदी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. ओट्यावर कुणी चहाचा घोट घेईना.

‘दत्ता,’ त्या म्हणाल्या, ‘आत रंग कुटला हाय रं?’

मी जिथं बसले होते तिथून मला ती खरडलेली जागा दिसत होती. ती वाळलेल्या खारकेच्या रंगाची होती. दत्तानं ती बघितली. मग त्यानं ओट्यावरच्या माणसांकडं बघितलं, मग आईकडं.

‘हिरवा हाय की, आये.’

आक्कांनी मान वळवली. ‘सदाशिव?’

त्या दिवशी त्यांनी त्याला पिवळ्या म्हटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं खरं नाव घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस तरी बोलेल. सदाशिवनं कप खाली ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाला, ‘हिरवाच हाय, आक्का.’

संगीता आत निघून गेली. मी काहीतरी बोलायला उठले, तर आक्का हात वर करून म्हणाल्या, ‘बाई, तुमास्नी शाईशिवाय रंग कळत न्हाय. बसा.’ आणि ओट्यावरचे सगळे हसले. सुटका झाल्यासारखे हसले. आक्का म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे अजून,’ आणि माणसं आपापल्या वाटेनं गेली.

तीन-चार दिवसांनी सकाळी मी शाळेसाठी आवरत होते. आक्का ओट्यावर उन्हाला बसून हिरड्यांना मिश्री लावत होत्या. वारा पडलेला होता. पश्चिमेकडून मोटारीची घरघर यायला लागली. मिश्रीचं बोट तसंच तोंडात ठेवून आक्का थांबल्या.

‘बाई, मोटार कुनाची?’

मी ओट्याच्या कडेला जाऊन बघितलं. ‘सदाशिवची.’

‘पानी कुटं चाललंय? गव्हाला?’

सदाशिवच्या बागेत झाडांखालची माती ओली काळी दिसत होती. ती आजची ओल नव्हती, आधीचं पाणी त्यानं सगळी निजल्यावर रात्री सोडलं असणार. झाडांच्या शेंड्यांना लाल ठिपके दिसायला लागले होते.

‘डाळिंबाला,’ मी म्हटलं. ‘आजच नाही सोडलेलं, आक्का. कळी दिसतेय.’

आक्कांनी तोंड धुतलं नाही. मिश्री तशीच ओठांना लागलेली. मला वाटलं त्या ओरडतील, बांधावर जाऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरतील. त्या बसून राहिल्या. आक्कांच्या आधी वस्तीवर कुणी ताण तोडत नसे, आक्कांची मोटार वाजली की मग बाकीच्यांच्या वाजत, आणि आज ही मोटार आधी वाजत होती. आणि हे पाणी देणारा माणूस तीन-चार दिवसांपूर्वीच त्यांच्या समोर बसून ‘हिरवा’ म्हणाला होता. हा हिशेब मला करायला वेळ लागला. त्यांना लागला नसावा.

‘बाई,’ त्या म्हणाल्या, ‘आमचं पान कुटल्या रंगाचं हाय?’

मला त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. मी घराशेजारच्या ओळीपर्यंत चालत गेले. परत येऊन सांगितलं, ‘पान नाही आक्का. काडी आहे नुसती.’

‘समद्यास्नी?’

‘मला दिसतात त्या सगळ्यांना.’

आक्कांनी ओच्यातून दांडी काढली. तिचा लाल रंग कमरेला घासून घासून उडाला होता. वॉलपाशी गेल्या, पण नट काही त्यांना बसवता येईना. दोनदा खाली पडला. संगीता कधी मागं येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिनं वाकून नट उचलला, दांडी बसवली आणि हात बाजूला घेतला. वॉल आक्कांनीच फिरवला.

ठिबकच्या नळ्यांतून आधी हवा सुटल्याचा फुसफुस आवाज आला, मग थेंब पडायला लागले. आक्का एका झाडाखाली बसल्या आणि थेंबाखाली तळहात धरला. ते नेमकं इवायाचं झाड होतं. त्यांना ते माहीत होतं की नाही कोण जाणे.

‘गप झालं हुतं वो,’ त्या म्हणाल्या. ‘मला ऐकू येत हुतं. मी ऐकलं न्हाय.’

मला रडू आलं. संगीता मात्र रडली नाही. ती ओळीओळीनं नळ्या तपासत पुढं गेली.

पाणी दिल्यावर कळी यायला हवी होती, ती आली नाही. आक्का रोज सकाळी फेरी मारायच्या आणि बोटांनी शेंडे चाचपायच्या. ते मटकन मोडून हातात यायचे. मग संगीतानं मला एक खोड दाखवलं. टाचणी टोचावी तशी भोकं, आणि बुंध्याशी पिठासारखा भुसा. झाड अशक्त झालं की हा खोड पोखरणारा किडा वास काढत येतो म्हणतात. अर्ध्याहून जास्त बाग तोडावी लागली. पोखरलेलं लाकूड बांधावर ठेवून चालत नाही, दुसऱ्यांच्या बागेत किडा जातो, म्हणून ते माळावरच पेटवलं. आक्का धुराकडं पाठ करून बसल्या होत्या. वस्तीवरची माणसं येऊन गेली. सगळे म्हणत होते, ‘रोगच वंगाळ, आक्का.’ ताण हा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही.

उन्हाळ्यात दत्तानं त्यांना सोलापूरला नेऊन दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून आणली. त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघताना आक्का काळा चष्मा लावून खाटेवर होत्या.

पुढच्या संक्रांतीला संगीतानं हळदीकुंकवाला आग्रहानं बोलावलं म्हणून मी गेले. बुंध्यापासून फुटलेली नवी झाडं गुडघ्याएवढी झाली होती. वॉलची दांडी वॉललाच होती. आक्का ओट्यावर, त्यांच्या जागी. आता साधा चष्मा, भिंगामागं मोठे झालेले स्वच्छ डोळे. ‘बाई, पिकलासा की वो,’ म्हणाल्या. माझे कानशिलावरचे पांढरे केस त्यांना ओट्याच्या त्या टोकावरून दिसले होते.

कुंकू लावून घेऊन मी निघायच्या तयारीत बाहेर आले, तर सदाशिव मोटारसायकलवरून उतरत होता. हातात डाळिंबाची डहाळी. संगीता मला म्हणाली होती, वर्षभर त्यानं वाट वाकडी केली नव्हती, आता आक्कांना दिसायला लागलं म्हणून यायला लागलाय. माफी मागायची त्याची ही रीत असावी. तोंडानं मागता आली नाही म्हणून पान दाखवायला यायचं.

आक्कांनी डहाळी घेतली. एक पान तोडून उन्हाला धरलं. त्या पानाचा रंग मला ओट्याच्या या टोकावरून दिसत होता, शाईशिवाय रंग न कळणारीला. पान पिवळंजर्द होतं, आणि डहाळीवर तसं एखाददुसरंच राहिलं होतं.

‘हिरवं हाय की,’ आक्का म्हणाल्या. ‘ऱ्हाऊ दे अजून.’

सूर तोच होता. वस्तीनं इतकी वर्षं त्यांना ऐकवलेला. सदाशिवनं पान परत घेतलं, त्याकडं बघितलं. त्याचे डोळे चांगले आहेत, त्याला चष्मासुद्धा नाही. मला वाटलं, आता हा हसेल, किंवा रडेल, किंवा पाया पडेल.

‘व्हय, आक्का,’ तो म्हणाला. ‘हिरवंच हाय.’

आणि पान खिशात घालून गेला.

खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी पिशवी उचलली, पण मला राहवेना. ‘आक्का, पान पिवळं होतं.’

‘दिसलं की मला,’ आक्का म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, डोळे मिटले आणि पश्चिमेकडं कान देऊन बसल्या.

मी उतारावरून धावत जाऊन गाडी पकडली. खिडकीतून मागं बघितलं तेव्हा त्या तशाच बसलेल्या दिसल्या. वारा पडलेला होता, आणि मी गाडीत बसेपर्यंत तरी सदाशिवच्या रानातून मोटारीचा आवाज आला नव्हता.